मॅकार्टनीचा १९७० चा घरचा अल्बम: एकटाच वादक, एकच माइक

रामबागकर

पॉल मॅकार्टनीचा 'मॅकार्टनी' हा एकट्याचा पहिला अल्बम १७ एप्रिल १९७० ला इंग्लंडात निघाला. त्याच्याबद्दल दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, त्याच्यासोबतच त्याचा बँड बीटल्स फुटल्याची बातमी जगाला कळली. दोन, तो कच्चा आहे, उरकलेला आहे. पहिली खरी आहे. प्रसिद्धीसाठी वाटलेल्या प्रतींबरोबर छापील प्रश्नोत्तरं होती, त्यांवरून १० एप्रिलच्या वर्तमानपत्रांनी मथळे दिले. दुसरी मला मुळीच मान्य नाही, आणि त्यासाठीच हा धागा काढतोय.

आधी तो झाला कसा ते. १९६९ च्या नाताळाच्या सुमारास लंडनच्या सेंट जॉन्स वुडमधल्या स्वतःच्या घरी त्यानं स्टुडर कंपनीचं चार ट्रॅकचं, म्हणजे एकावर एक चार वेगळे थर घेता येणारं टेपयंत्र मांडलं. माइक एकच. मिक्सर नाही. आवाजाची पातळी दाखवणारे काटेही नाहीत, म्हणजे आवाज फाटतोय का ते आधी वाजवून ऐकायचं आणि मग ध्वनिमुद्रण करायचं. हे त्यानं स्वतःच तेव्हा लिहून दिलं होतं. गिटार, बास, ड्रम, पियानो, ऑर्गन, सगळं त्याचंच. बायको लिंडा काही ठिकाणी त्याच्या सुरात सूर मिसळते, तेवढंच.

पहिलं गाणं 'द लव्हली लिंडा' जेमतेम पाऊण मिनिटाचं. यंत्र नीट चालतंय का बघायला केलेलं. आधी आवाज आणि गिटार, मग आणखी एक गिटार, मग एका पुस्तकावर हाताच्या थापा, शेवटी बास. झाले चार ट्रॅक, संपली जागा. खोलीचं दार करकरलं तेही आत आहे, शेवटी त्याला हसू फुटतं तेही आहे. हाच माणूस तीन वर्षांपूर्वी चाळीस वादकांचा ताफा बोलावून एका गाण्यातला चढ उभा करत होता. त्याला दार पुसता येत नव्हतं म्हणून ते राहिलं, असं कोण म्हणेल? त्यानं ते ऐकलं आणि राहू दिलं.

मला ह्या अल्बममध्ये सगळ्यात मोठी गोष्ट दिसते ती ही, की हात कुठे थांबवायचा हे त्या माणसाला नेमकं कळलं होतं. 'दॅट वुड बी समथिंग' ऐका. एक-दोन ओळीच घोळवत राहतो. साधी गिटार, एक टॉम (ड्रमसेटमधला एक ढोल), एक झांज, वरून इलेक्ट्रिक गिटार आणि बास. मध्येच ड्रमचे आवाज तोंडानं काढतो. गाण्यात भरायला कितीतरी जागा आहे आणि ती त्यानं भरलेली नाही. पढंत, म्हणजे तोंडानं म्हटलेले तबल्याचे बोल, ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानांना तर ही मजा लगेच कळावी.

इंदूरमध्ये घरीच, एकट्यानं थर चढवत गाणी करणारं इथे कोणी आहे का? तुम्ही काय ठेवता आणि काय काढता, ते ऐकायचंय.

ठेका_धरून

रामबागकर, मनापासून लिहिलंय तुम्ही, म्हणून मनापासूनच उत्तर देतो. मी लोकमान्यनगरात तबला शिकवतो.

एकट्यानं सगळी वाद्यं वाजवली ह्याचं मला कौतुक कमी वाटतं, काळजी जास्त वाटते. संगतीला बसलेला माणूस तुम्हाला अडवतो. तुम्ही समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, घाईनं निघालात तर तो जरासा धरून ठेवतो, रेंगाळलात तर उचलतो. पुढच्या आवर्तनात गाणारा काय करणार हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तर तो कान देऊन बसतो. स्वतःच्याच टेपवर वाजवणाऱ्याला पुढचं सगळं आधीच माहीत असतं. मग तो ऐकेल कशाला?

उस्ताद अमीर खाँसाहेब आपल्या इंदूरचे. अगदी संथ लयीतल्या झूमरा तालातलं त्यांचं गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा, त्या साध्या सरळ ठेक्याशिवाय तो ख्याल उभा राहिला असता का. तिथे तबलजीनं काही करून दाखवायचं नसतं, नुसतं असायचं असतं. आणि ते असणं दुसऱ्या माणसाचं असावं लागतं.

'दॅट वुड बी समथिंग' ऐकलं. तोंडानं बोल काढतो ती जागा गोड आहे. बाकी माझं मत तेच.

राजवाड्यामागे

कच्चाच आहे तो. अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं 'मेबी आय'म अमेझ्ड', ते घरी केलेलंच नाही! ईएमआय ह्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत केलंय. 'एव्हरी नाइट'सुद्धा तिथलंच. शिवाय मॉर्गन स्टुडिओत 'बिली मार्टिन' ह्या खोट्या नावानं वेळ घेऊन बरंच काम केलंय. ह्यातून स्टुडिओतलं काढलं तर उरतं काय? वाइनचे पेले घासून काढलेले सूर आणि शेवटी 'क्रीन-अक्रोर' नावाचा ड्रमचा गोंधळ.

लोकांनी घेतला, हे खरं. अमेरिकेत तो तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. पण तो बीटलचा होता म्हणून.

चार_ट्रॅक

मी ध्वनिमुद्रणाचंच काम करतो, जास्त करून भजनं आणि लग्नातली गाणी. दोन्ही मुद्द्यांवर बोलायचं आहे, जरा लांबेल.

ठेकाकाका, तुमची शंका रास्त आहे, पण थर कुठल्या क्रमानं चढवले ते बघा. एकट्यानं करताना पहिला थर जो, तोच मालक. स्टुडिओत बहुतेक वेळा ड्रम आणि बास आधी घेतात, हल्ली तर नुसती टिकटिक आधी लावतात, आणि गाणाऱ्यानं त्या चौकटीत येऊन बसायचं. 'लव्हली लिंडा'मध्ये आणि 'दॅट वुड बी समथिंग'मध्ये उलटं आहे. आधी आवाज आणि गिटार, तालवाद्य नंतर. म्हणजे लय गाणाऱ्याच्या श्वासानं ठरली. जिथे तो ओळ संपवून क्षणभर थबकतो तिथे टॉमही थबकतो. ड्रमवाला मॅकार्टनी गाणाऱ्या मॅकार्टनीची संगतच करतोय. फक्त ती एकतर्फी आहे, गाणारा त्याला उत्तर देऊ शकत नाही. इतकी तुमची बाजू मी मान्य करतो. हेडफोन लावून फक्त टॉमकडे लक्ष देऊन ऐका, मग सांगा.

वाद्यसंगीताचे तुकडे वेगळे आहेत. 'व्हॅलेंटाइन डे' आणि 'मॉमा मिस अमेरिका' वाजवता वाजवता सुचत गेलेले. दुसरा तर मुळात दोन तुकडे होते, टेपवर एकाला लागून एक आले आणि तसेच एकत्र राहिले. नीट ऐकलं तर सांधा सापडतो.

आता 'लो-फाय'बद्दल, म्हणजे साध्या यंत्रावरच्या कमी प्रतीच्या ध्वनिमुद्रणाबद्दल. ह्या अल्बमला सरसकट ते लेबल लावतात, पण यंत्राच्या दृष्टीनं ते बरोबर नाही. स्टुडरच्याच चार ट्रॅकच्या यंत्रांवर ईएमआयमध्ये बीटल्सचं १९६७ चं काम झालं होतं. त्यांच्या टेपची पट्टी एक इंच रुंद, म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर. आपल्या घरातल्या कॅसेटची पट्टी ३.८१ मिलिमीटर आणि वेग ४.७६ सेंटिमीटर. पट्टी रुंद आणि वेग जास्त, की सळसळ कमी. मॅकार्टनीच्या घरच्या टेपला सळसळ फारशी असायचं कारणच नव्हतं. जे 'घरगुती' ऐकू येतं ते खोलीमुळे, एका माइकमुळे आणि पुन्हा पुन्हा न घासल्यामुळे.

खरा लो-फाय आला तो १९७९ मध्ये टास्कॅमचं पोर्टास्टुडिओ आल्यावर. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, सगळे एकाच दिशेनं, आणि वेग कॅसेटच्या दुप्पट. पाचवा आवाज हवा असेल तर भरलेले तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन मोकळे करायचे. एकदा मिसळलं की आतलं एकही वाद्य कमी-जास्त करता येत नाही, आणि दर उतरवणीला सळसळ वाढते. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या घरी अशाच यंत्रावर, दोन माइक लावून, गाण्यांचे कच्चे खर्डे केले. पुढे तीच गाणी बँडबरोबर करून बघितली, जमली नाहीत, आणि शेवटी कॅसेटवरचे खर्डेच 'नेब्रास्का' नावानं अल्बम म्हणून काढले.

रामबागकर

चार_ट्रॅक, हा क्रमाचा मुद्दा फार मोलाचा आहे.

राजवाड्यामागे, ईएमआयमधली दोन्ही गाणी मला माहीत आहेत, आणि माझ्या म्हणण्याला ती बळच देतात. वादक तिथेही तोच एकटा आहे. शिवाय 'मेबी आय'म अमेझ्ड' कुठे ठेवलंय ते बघा. तेरातलं बारावं. तोवर तुम्ही अर्ध्या तासाच्या आसपास त्या खोलीत बसलेले असता, कान त्या लहान आवाजाला सरावलेले असतात, आणि मग अचानक तो पूर्ण गळ्यानं गातो, पियानो आणि गिटार एकदम अंगावर येतात. तेच गाणं अल्बमच्या सुरुवातीला असतं तर नुसतं एक चांगलं गाणं ठरलं असतं. आधीच्या गाण्यांत त्यानं मोकळ्या ठेवलेल्या जागेची पुण्याई तिथे कामी येते.

'क्रीन-अक्रोर' मलाही आवडत नाही. ते अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या जमातीवरचा टीव्हीवरचा माहितीपट बघून केलेलं आहे, कल्पना आहे पण गाणं नाही.

देवासहून

हा धागा वाचून राहवलं नाही.

'जंक' आणि 'टेडी बॉय' ही दोन गाणी मुळात आपल्याकडची. म्हणजे १९६८ मध्ये बीटल्स ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले होते, तिथे ती सुरू झाली. 'जंक'चे आवाज, दोन गिटार आणि बास घरी घेतलेत, झायलोफोन वगैरे नंतर स्टुडिओत. त्याचीच बिनशब्दांची आवृत्ती 'सिंगअलाँग जंक' दुसऱ्या बाजूला आहे, आणि मला ती जास्त आवडते. जुन्या, टाकून दिलेल्या वस्तूंचं गाणं आहे ते. शब्द काढून घेतल्यावरही चाल तेवढीच हळवी राहते. आश्रमाची ती जागा आता व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येते आणि २०१५ पासून लोकांना बघायला खुली आहे. मी गेलेय. दगडी कुट्या, भिंतींवर झाडं आलेली. नदीचा आवाज मात्र सतत. तिथे गिटार घेऊन बसणारा माणूस मोठ्यानं कशाला वाजवेल, असं वाटलं.

आणि देवासची आहे तर कुमारजींचं सांगितल्याशिवाय कशी राहू? कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयानं आजारी अवस्थेत देवासला आले, पुढची काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या घराजवळून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, भजनं, पाखरं ऐकत राहिले. बरे होऊन गायला लागले तेव्हा त्या लोकधुना त्यांच्या गाण्यात उतरलेल्या होत्या. तुलना करत नाही, दोन्ही माणसं आणि दोन्ही संगीतं फार वेगळी. पण मॅकार्टनीही त्या हिवाळ्यात खचलेलाच होता, लहानपणापासूनचे जोडीदार सुटले होते. बाहेरची बैठक बंद झाली की माणूस घराकडे कान देतो, आणि त्यातून कधी कधी नवं काही येतं. मला ह्या अल्बममध्ये हेच ऐकू येतं.

पांढरी_चार

देवासहून, किती छान लिहिलंत.

रामबागकर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी वैशालीनगरात राहते आणि घरीच गाणी करते. मराठी शब्द, हार्मोनियम, युकुलेले, थोडे घुंगरू, सगळं फोनवर. अजून कोणाला ऐकवलेली नाहीत. अडचण अशी की सकाळी माझा आवाज सगळ्यात मोकळा असतो आणि त्याच वेळी गल्लीत कचरागाडी येते. इंदूरकरांना सांगायला नकोच, तिच्यावर स्वच्छतेचं गाणं मोठ्यानं लागलेलं असतं. खिडकी बंद केली तरी आत येतं. एका गाण्यात माझ्या दुसऱ्या अंतऱ्यामागे ते स्पष्ट ऐकू येतं, आणि गायलं मात्र तिथेच सगळ्यात चांगलं गेलंय. मॅकार्टनीनं दार ठेवलं, तर मी गाडी ठेवू का? विनोदानं विचारत नाहीये, खरंच ठरत नाहीये.

दुसरं, तानपुरा आधी टेपवर घ्यायचा की हार्मोनियम?

ठेका_धरून

ताई, गाडी ठेवू नका.

दाराच्या करकरीला ठरलेला सूर नाही आणि लयही नाही. ती गाण्याच्या बाजूला उभी राहते, आड येत नाही. कचरागाडीच्या गाण्याला स्वतःचा सूर आहे, स्वतःचा ठेका आहे, शब्दसुद्धा आहेत. तुम्ही पांढरी चार ह्या हार्मोनियमच्या पट्टीतून गाताय आणि मागे दुसऱ्याच पट्टीत, दुसऱ्याच लयीत कोणी गातंय, तर ऐकणाऱ्याचा कान दोन्हीकडे ओढला जाणार. पाऊस चालेल, पाखरं चालतील, पंख्याची घरघर एक वेळ चालेल. कुकरची शिट्टीही नको, तिला सूर असतो.

तोच अंतरा पुन्हा गा. एकदा चांगला गेला म्हणजे तो तुमच्यात आहे.

आणि चार_ट्रॅक, तुम्ही म्हणालात तसं हेडफोन लावून नुसता टॉम ऐकला. थबकतो खरा, आणि सुरेख थबकतो. पण पुढच्या ओळीला गाणाऱ्यानं त्या थबकण्याचं काहीच केलेलं नाही. समोर कोणी असतं तर तो नक्की हसला असता, किंवा ओळ थोडी लांबवली असती. मला हवं आहे ते हेच.

राजवाड्यामागे

ठेकाकाकांच्या बाजूनं आणखी एक. त्याच वर्षी, १९७० मध्ये, कॅलिफोर्नियात एमिट ऱ्होड्स नावाच्या तरुणानं आई-वडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये चार ट्रॅकचं यंत्र ठेवून अख्खा अल्बम एकट्यानं केला. मॅकार्टनीपेक्षा कितीतरी जास्त घोटून केलेला, आणि गाणी अप्रतिम. मला तर तोच जास्त आवडतो. पण कंपनीच्या करारात दर सहा महिन्यांनी नवा अल्बम द्यायची अट होती. प्रत्येक वाद्य, प्रत्येक आवाज स्वतःच करणाऱ्याला ते कसं जमावं? उशीर झाला, कंपनीनं दावा लावला. १९७३ नंतर त्याचा पुढचा अल्बम थेट २०१६ मध्ये आला. एकटं करणं गोड वाटतं, पण ओझंही एकट्याचंच असतं.

चार_ट्रॅक

ऱ्होड्सचं ऐकून दरवेळी वाईट वाटतं. त्याच्या पहिल्या अल्बममधला पियानो आणि बास एकमेकांत कसे बसलेत! मॅकार्टनीवर कोणाची मुदत नव्हती, हा मोठाच फरक. म्हणूनच त्याला ही पद्धत पुन्हा वापरता आली, १९८० मध्ये दुसरा भाग आणि डिसेंबर २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षात, तिसरा.

पांढरी_चार, तुमच्यासाठी कामाचं सांगतो.

माइक किंवा फोन तोंडाच्या जवळ आणा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सहा डेसिबलनं वाढतो, गल्लीचा आवाज तेवढाच राहतो. हाच सगळ्यात स्वस्त उपाय. फार जवळ गेलात तर 'प', 'फ', 'भ' फुटतील, म्हणून फोन किंचित बाजूला ठेवा. गोधडी लावायची तर पाठीमागे लावा, कारण माइकचं तोंड तुमच्याकडे असतं आणि तुमच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्याला थेट ऐकू येतो. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलं तरी पुष्कळ फरक पडतो. फोनमध्ये आवाज आपोआप स्वच्छ करायची सोय चालू असेल तर बंद करा, ती हार्मोनियमचे लांब सूर खाऊन टाकते.

क्रमाचं म्हणाल तर तानपुरा फक्त कानात ठेवा, टेपवर घेऊ नका. पहिल्या ट्रॅकवर आवाज आणि हार्मोनियम एकत्र, जसं रोज बसता तसं. भात्याचा आवाज येऊ दे. दुसऱ्यावर युकुलेले. मग घुंगरू. आणि फोनमध्ये कितीही ट्रॅक मिळत असले तरी चारावर थांबा. पाचवा घ्यावासा वाटला तर आधीचा एक काढा. निर्णय तिथेच होतो, रामबागकर म्हणतात तो.

पांढरी_चार

मनापासून आभार, दोघांचेही. अंतरा पुन्हा गाते. दुपारी, गल्ली झोपलेली असताना.

आवाज आणि हार्मोनियम एकत्र घ्यायचं धाडसच केलं नव्हतं आजवर, चूक झाली तर दोन्ही जातं म्हणून. आता तसंच करते.

रामबागकर

झालं की इथे टाका. घुंगरांची जागा मोकळी ठेवली तरी चालेल, घाईनं भरू नका.

ठेका_धरून

तिसरा ट्रॅक मोकळा ठेवा, ताई. वैशालीनगर लांब नाही. रविवारी दुपारी चालत असेल तर तबला पांढरी चारला लावून आणतो. पण तयार टेपवर मी वाजवणार नाही. तुम्ही समोर बसून गा, मी ऐकून वाजवीन.

चार_ट्रॅक

काका, मग पहिला आणि तिसरा ट्रॅक एकदमच घ्यावे लागतील, एका फोनवर भागणार नाही. दोन माइक आणि माझा लहान मिक्सर घेऊन मी येतो. गाण्याच्या माइकची पाठ तबल्याकडे करू, म्हणजे चाटीचा, तबल्याच्या कडेचा, आवाज गाण्यात फारसा घुसणार नाही.